जुने फिडे रेटिंग पुन्हा चालू करताना

महाविद्यालयात असताना नागपूर, चंद्रपूर, अमरावतीच्या स्पर्धा खेळून फिडे रेटिंग मिळवले आणि मग नोकरी, बदल्या, शेती किंवा संसार यांत आठ-दहा वर्षे पट उघडलाच नाही, अशी स्थिती असलेल्या सिरोंचा, अहेरी, आलापल्ली भागातील बुद्धिबळपटूंसाठी हे मार्गदर्शन आहे. फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ. त्याने दिलेले रेटिंग खंड पडल्यामुळे रद्द होत नाही, पण ते आपली आजची ताकद सांगत नाही. ते पुन्हा खरे व्हावे यासाठी काही काम घरबसल्या करायचे आहे, काही पटावर आणि काही प्रवासाच्या नियोजनात. सिरोंचातून निघणाऱ्याला अंतर आणि पावसाळा या दोन गोष्टी आधी मोजाव्या लागतात, त्यामुळे पुढचा क्रम त्या धरूनच लावला आहे.

१. आपला जुना फिडे क्रमांक शोधा. नवा काढू नका

फिडेच्या रेटिंगच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेतला की खेळाडूचे पान उघडते. त्यावर फिडे क्रमांक, देश, जन्मवर्ष आणि तीन रेटिंग दिसतात : क्लासिकल म्हणजे दीर्घ वेळेच्या डावांचे, रॅपिड म्हणजे जलद डावांचे आणि ब्लिट्झ म्हणजे अतिजलद डावांचे. बराच काळ स्पर्धा न खेळलेल्या खेळाडूच्या नावापुढे निष्क्रिय अशी खूण असते. ती पाहून घाबरू नये. रेटिंगसाठी धरला जाणारा एक डाव जरी आपण खेळलात, तरी पुढच्या यादीत ती खूण निघते.

नाव सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून पाहा. देशमुख, गावडे, मडावी, आत्राम ही आडनावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि त्या काळी संयोजकाने भरलेले स्पेलिंग आपल्या आधार कार्डाशी जुळेलच असे नाही. आडनाव आधी आणि नाव नंतर असेही करून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिला खेळाडूंनी माहेरच्या नावाने शोध घ्यावा. नाव सापडले नाही म्हणून नवा क्रमांक काढणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. एकाच व्यक्तीची दोन खाती झाली की डाव दोन ठिकाणी विभागले जातात आणि पुढे ती एकत्र करण्यासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

२. आजचा आकडा नीट वाचा

जुन्या प्रमाणपत्रावरचा आकडा आणि आज पानावर दिसणारा आकडा वेगळे असू शकतात. १ मार्च २०२४ पासून फिडेने क्लासिकल रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली. त्याच वेळी २००० च्या खाली असलेल्या रेटिंगमध्ये एकदाच वाढ दिली. सूत्र सोपे आहे : २००० मधून आपले रेटिंग वजा करा, उरलेल्या आकड्याचे ४० टक्के काढा आणि ते जुन्या रेटिंगमध्ये मिळवा. १२०० चे १५२० होतात, १४५० चे १६७०, तर १९०० चे १९४०.

या वाढीचा अर्थ आपण सुधारलो असा नाही. २००० खालचे सगळेच वर सरकले आहेत. खालच्या आकड्यांनी सुरुवात करणाऱ्या खेळाडूंची संख्या फार वाढल्यामुळे त्या भागातील रेटिंग प्रत्यक्ष ताकदीपेक्षा कमी दिसू लागली होती. ती दुरुस्त करण्यासाठी हे पाऊल होते. व्यवहारात लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, खेळाडूंमधील अंतर आता आक्रसले आहे. पूर्वी १२०० आणि १४०० असे २०० गुणांचे अंतर असलेले दोघे आज १५२० आणि १६४० वर आहेत, म्हणजे अंतर १२० उरले. ‘सोळाशेचा खेळाडू म्हणजे असा असा’ हा दहा वर्षांपूर्वीचा अंदाज त्यामुळे सोडून द्यावा. आपल्या पानावरचा आजचा आकडा हाच नियोजनाचा पाया.

त्या काळी दोन-चार डाव खेळून रेटिंग पूर्ण झालेच नसेल, तर ते अर्धवट डाव आता मोजले जात नाहीत. आपण नवे खेळाडू म्हणून सुरुवात कराल आणि रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान ५ डाव झाल्यावर आपले पहिले रेटिंग प्रसिद्ध होईल. क्रमांक मात्र जुनाच वापरावा.

३. नोंदणी आणि नावातील दुरुस्ती

भारतात फिडेच्या स्पर्धा खेळण्यासाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडील, म्हणजे ऑल इंडिया चेस फेडरेशनकडील आपली नोंदणी चालू आहे का हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहावे. नसेल तर तिथेच अर्ज करावा. शुल्क आणि लागणारी कागदपत्रे तिथली त्या दिवशीची ग्राह्य धरावीत. अर्जात जुना फिडे क्रमांक न चुकता लिहावा.

नाव, जन्मतारीख किंवा आडनावात दुरुस्ती हवी असेल तर ती आताच मागावी, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. फिडेकडे अशी दुरुस्ती राष्ट्रीय महासंघामार्फतच जाते. सोबत जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट आणि आडनाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद तयार ठेवावी. पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याकडून खेळलेल्या आणि आता गडचिरोलीत राहणाऱ्यांनी जिल्हा संघटनेशी एकदा बोलून घ्यावे, कारण जिल्हा निवड स्पर्धेसाठी राहण्याचे ठिकाण पाहिले जाते. खुल्या रेटिंग स्पर्धांना ही अट लागत नाही.

४. रेटिंग किती वेगाने हलते ते समजून घ्या

ही पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची. फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून प्रत्येकाचा अपेक्षित गुण काढला जातो. फरक शून्य असेल तर ०.५०, आपण १०० ने वर असाल तर ०.६४, २०० ने वर असाल तर ०.७६. प्रत्यक्ष मिळालेल्या गुणातून अपेक्षित गुण वजा करून येणारी संख्या एका गुणकाने गुणली की डावाचा बदल मिळतो. या गुणकाला के-गुणक म्हणतात. ३० डाव पूर्ण केलेल्या आणि २४०० पर्यंत कधी न पोहोचलेल्या प्रौढ खेळाडूसाठी तो २० असतो. ज्याचे ३० डाव अजून व्हायचे आहेत त्याच्यासाठी ४०.

समजा आपले रेटिंग १५२० आहे आणि समोर १७२० चा खेळाडू आहे. आपण जिंकलात तर १५.२ गुण मिळतात, बरोबरी झाली तर ५.२, हरलात तर फक्त ४.८ जातात. समोर १४२० चा असेल तर जिंकून ७.२ मिळतात आणि हरल्यास १२.८ जातात. खंडानंतर परत आलेल्याला वरच्या खेळाडूंशी खेळणे स्वस्त पडते, खालच्यांशी महाग.

यातून निघणारे दुसरे गणित अधिक महत्त्वाचे आहे. आपली आजची ताकद पानावरच्या आकड्यापेक्षा १०० गुणांनी कमी आहे असे धरू. गुणक २० असताना साधारण आपल्याच रेटिंगच्या खेळाडूंशी खेळल्यास सुरुवातीला दर डावाला सरासरी २.८ गुण घसरतील. नऊ फेऱ्यांच्या एका स्पर्धेत हे अंतर जेमतेम पाव भरते. निम्मे भरायला सुमारे २५ डाव लागतात. गुणक ४० असेल तर तेवढ्याच डावांत तीन चतुर्थांश काम होते. म्हणून आपल्या पानावर आजवरच्या डावांची संख्या पाहून घ्या. एका स्पर्धेवरून ‘आपले रेटिंग आता एवढे’ असे ठरवता येत नाही. वर्षाला २५ ते ३० डाव हे वाजवी उद्दिष्ट आहे, म्हणजे तीन स्पर्धा.

मुलांविषयी वेगळे सांगावेसे वाटते. नागपूरने रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर दिले. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही मिळवला. विदर्भात खेळ किती खोल रुजला आहे हे त्यावरून कळते आणि ते अभिमानाचे आहे. त्याच पिढीतली दहा-बारा वर्षांची मुले खालच्या पटांवर आपल्यासमोर बसतात. १८ वर्षांखालील आणि २३०० पर्यंतच्या मुलांचा गुणक ४० असला, तरी त्यांची ताकद अनेकदा रेटिंगच्या पुढे धावत असते. १४५० लिहिलेला मुलगा १६५० सारखा खेळला तर त्यात आश्चर्य मानू नये आणि अशा डावात सोप्या विजयाचा हिशेबही धरू नये.

५. नियमांतील बदल आधी वाचा

पटावरची चाल तीच आहे, पण स्पर्धेचे नियम गेल्या दशकात बरेच कडक झाले. परतणाऱ्यांचे पहिले गुण अनेकदा इथेच जातात. पुढील बाबी वहीत लिहून घ्याव्यात.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ किंवा कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळाच्या जागेत जवळ बाळगता येत नाही. ते खिशात सापडले तर डाव जातो. अनेक ठिकाणी हातातले साधे घड्याळही काढायला लावतात, तेव्हा ते घरीच ठेवलेले बरे.

चाल एकाच हाताने करायची. कॅसलिंग करताना, समोरचे मोहरे मारताना किंवा प्याद्याची बढती करताना दोन्ही हात वापरून घड्याळ दाबले तर ती नियमबाह्य खेळी धरली जाते. चाल न करता घड्याळ दाबणे हेही त्याच वर्गात. क्लासिकल डावात पहिल्या नियमबाह्य खेळीला प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटे जादा मिळतात. दुसऱ्या वेळी सहसा डाव जातो. कॅसलिंगमध्ये आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला लावला तर हत्तीच हलवावा लागतो.

दुसरा वजीर जवळ नसताना हत्ती उलटा ठेवण्याची आपल्याकडची सवय पूर्ण सोडावी. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच असतो. घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा आणि वजीर मागून घ्या.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असल्याचा दावा करायचा असेल तर ती खेळी पटावर करायची नाही. ती गुणपत्रिकेवर लिहायची आणि मग पंचांना सांगायचे. ५० खेळ्यांचा दावा आपल्याला करावा लागतो; ७५ खेळ्या मात्र कोणी काही न म्हणता डाव बरोबरीत संपवतात. दर खेळीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटच्या खेळीपर्यंत डाव लिहावा लागतो, वेळ कितीही कमी उरो.

उशिराची सवलत किती मिनिटांची हे स्पर्धेच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तिथे काहीच लिहिले नसेल तर सवलत शून्य समजावी.

६. सहा ते आठ आठवड्यांचा सराव

ऑनलाइन खेळातले रेटिंग आणि फिडेचे रेटिंग यांची तुलना करू नये. ती वेगवेगळ्या खेळाडूंच्या समूहांत मोजलेली आहेत. पडद्यावर पाच मिनिटांचे डाव खेळून आलेला खेळाडू प्रत्यक्ष पटावर दोन तासांनी थकतो. म्हणून सरावाचा मोठा भाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खऱ्या पटावर करावा. आठवड्यातून एकदा तरी कोणाला समोर बसवून पूर्ण वेळेचा डाव खेळावा, घड्याळ लावून, हाताने लिहून. सिरोंचात जोडीदार मिळत नसेल तर जुन्या डावांचे पुस्तक घेऊन त्यातली पुढची खेळी ओळखण्याचा प्रयत्न दीड तास एका जागी बसून करावा. बैठक मोडायची नाही हे त्यातले मुख्य.

रोज अर्धा तास डावपेचांची कोडी सोडवावीत. नेटवर्क भरवशाचे नसल्यास छापील संग्रह घ्यावा. प्रारंभाचे पाठांतर कमी ठेवावे : पांढऱ्याकडून एक पद्धत, काळ्याकडून दोन. उरलेला वेळ अंतिम टप्प्याला द्यावा. दर खेळीला ३० सेकंद मिळण्याच्या पद्धतीमुळे आज डाव शेवटपर्यंत खेळले जातात, त्यामुळे राजा-प्याद्यांचा समोरासमोरचा अटकाव आणि हत्तींच्या अंतिम टप्प्यातील ल्युसेना व फिलिडोर या दोन मूळ स्थिती हातात बसलेल्या असाव्यात. माझ्या मते परतणाऱ्या प्रौढ खेळाडूला सर्वांत लवकर फळ देणारा अभ्यास हाच आहे.

७. पहिली स्पर्धा निवडताना

रेटिंगची स्पर्धा फिडेकडे आधी नोंदलेली असावी लागते. माहितीपत्रकावर ‘फिडे रेटेड’ छापले आहे एवढ्यावर न थांबता फिडेच्या स्पर्धा सूचीत तिचे नाव पाहून घ्यावे. वेळेचे प्रमाणही तपासावे. ९० मिनिटे आणि दर खेळीला ३० सेकंद हे क्लासिकलचे रूढ प्रमाण. २५ मिनिटांची स्पर्धा कितीही मोठ्या बक्षिसांची असली तरी ती रॅपिड आहे आणि तिने आपले क्लासिकल रेटिंग हलणार नाही.

जवळच्या तालुक्यातील एखादी रॅपिड स्पर्धा आधी खेळून घेणे मात्र उपयोगी. गर्दी, पंच, घड्याळ यांची सवय होते.

ठिकाणाविषयी सिरोंचाच्या खेळाडूने नकाशा नव्याने पाहावा. गडचिरोली शहर रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर, नागपूर त्याहून पुष्कळ पुढे. प्राणहिता किंवा गोदावरी ओलांडली की मात्र तेलंगण सुरू होते, आणि फिडे रेटिंगला राज्याची सीमा नसते. तिथल्या खुल्या स्पर्धेत महाराष्ट्राचा नोंदणीकृत खेळाडू खेळू शकतो. फक्त तेलंगणच्या राज्य निवड स्पर्धा त्या राज्यातील खेळाडूंसाठी असतात. चेन्नूरमार्गे मंचेरियल गाठले की मुख्य रेल्वेमार्ग मिळतो : दक्षिणेला काझीपेट, वरंगल, हैदराबाद आणि उत्तरेला बल्लारशा, चंद्रपूर, नागपूर. वरंगल हे अर्जुन एरिगैसीचे गाव, डिसेंबर २०२४ मध्ये २८०० ची पातळी ओलांडणाऱ्या खेळाडूचे. सिरोंचात घरोघरी तेलुगू बोलली-समजली जाते, तेव्हा तिकडे राहण्या-जेवण्याची अडचणही कमी. नागपूरची स्पर्धा निवडली तरी मंचेरियलहून गाडी धरणे आलापल्लीच्या रस्त्यापेक्षा अनेकदा सोयीचे ठरते. दोन्ही वेळापत्रके समोर ठेवून ठरवा.

जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पहिली स्पर्धा ठेवू नये. नाल्यांना पूर आला की आलापल्ली-सिरोंचा रस्ता बंद पडतो आणि न खेळलेली फेरी रेटिंगमध्ये धरली जात नसली तरी स्पर्धेतला गुण आणि प्रवेश शुल्क दोन्ही जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचावे.

‘१६०० खालील’ किंवा ‘१८०० खालील’ अशा गटस्पर्धा आकर्षक असतात, पण पहिली स्पर्धा शक्यतो खुली निवडावी. तिथे वरचे प्रतिस्पर्धी मिळतात आणि चौथ्या मुद्द्यातील गणित आपल्या बाजूने राहते. गटाच्या बक्षिसासाठी रेटिंग मुद्दाम खाली ठेवण्याचा विचार कोणी सुचवला तर तो ऐकू नये. तो गैरप्रकार आहे आणि समोरच्या होतकरू मुलांवर अन्याय आहे.

८. स्पर्धेच्या दिवसांत

दिवसाला दोन क्लासिकल फेऱ्या असतील तर दोन्हींमध्ये जेवण हलके, झोप नाही, पण वीस मिनिटे चालणे ठेवावे. पहिल्या तीन फेऱ्यांत वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून १५ व्या खेळीला घड्याळात निम्म्याहून अधिक वेळ उरला आहे का हे पाहण्याची शिस्त लावा. प्रत्येक डावानंतर दोघांनी गुणपत्रिकेवर सही करून निकाल नोंदला गेला का ते स्वतः पाहावे आणि नंतर चेस रिझल्ट्स या संकेतस्थळावरही तपासावे. बहुतेक स्पर्धांच्या जोड्या आणि निकाल तिथेच लागतात.

सुरुवातीला दोन-तीन हार झाल्या म्हणून स्पर्धा सोडू नये. झालेले डाव तर मोजले जातातच. पुढच्या फेऱ्यांत आपल्या आजच्या ताकदीचे प्रतिस्पर्धी मिळणार असतात, त्यांच्याशी होणारे डाव तेवढे हातचे जातात.

९. स्पर्धेनंतर

संयोजक निकाल महासंघाकडे आणि तिथून फिडेकडे पाठवतात. फिडेची यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. महिन्याच्या अखेरीस संपलेली स्पर्धा कधी कधी एक यादी सोडून दिसते. आपल्या पानावर गणनेचा विभाग उघडला की प्रत्येक डावाचा प्रतिस्पर्धी, त्याचे रेटिंग, निकाल आणि बदल ओळीने दिसतो. हे आपल्या गुणपत्रिकांशी ताडून पाहा. फरक आढळल्यास आधी स्पर्धेच्या मुख्य पंचांना लिहा, उत्तर न आल्यास महासंघाला; सोबत स्पर्धेचे नाव, फेरी, दोघांचे फिडे क्रमांक आणि सही असलेल्या गुणपत्रिकेचे छायाचित्र जोडा. म्हणूनच गुणपत्रिकांच्या प्रती निदान वर्षभर फायलीत ठेवाव्यात.

मग हरलेल्या डावांचे तीन ढीग करा : प्रारंभात गेलेले, मधल्या डावपेचात गेलेले आणि वेळेअभावी किंवा अंतिम टप्प्यात गेलेले. पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यास सर्वांत उंच ढिगावर करा.

१०. वर्षाची आखणी

पहिली स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, दुसरी फेब्रुवारीच्या आसपास, तिसरी उन्हाळी सुटीत एप्रिल-मेमध्ये, असे ठेवले तर २५ हून अधिक डाव होतात आणि पावसाळ्याचे महिने अभ्यासाला मोकळे राहतात. उन्हाळ्यात विदर्भात आणि तेलंगणात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा सभागृह वातानुकूलित आहे का हे प्रवेश शुल्क भरण्याआधी संयोजकांना विचारून घ्यावे. शासकीय सेवेत असलेल्यांनी रजेचा अर्ज पहिल्या फेरीच्या किमान महिनाभर आधी द्यावा आणि सोबत माहितीपत्रक जोडावे. तिसऱ्या स्पर्धेनंतर जूनची यादी लागली की तीच आपली नवी आधारसंख्या समजा आणि पुढच्या वर्षी कोणत्या गटात, किती खुल्या स्पर्धांत खेळायचे ते त्या आकड्यावरून ठरवा.